माथ्याचा आधार

फोमच्या ब्लॉकचा ट्रक आला त्या दिवशी ह्यांनी त्यातला एक ब्लॉक करंगळीवर तोलून पाहिला आणि मुंगीला विचारलं, घर बांधतेस की केकची खोकी?

मुंगी म्हणजे आमची एकुलती एक लेक. लहानपणी ह्यांच्या कामावर आली की वाळूच्या ढिगातून मुठीमुठीने वाळू न्यायची आणि चार पावलांवर आपला वेगळा ढीग करायची. दिवसभर तेच, न कंटाळता. तेव्हापासून ती मुंगीच. आता चौतीस वर्षांची आहे, ठेकेदारीचा परवाना तिच्या नावाचा आहे, आणि निवृत्त झालेल्या एका मास्तरीणबाईंचं घर हे तिचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. हे म्हणजे तिचे वडील. चाळीस वर्षं दगडात काढलेले मिस्त्री. दोन वर्षांपूर्वी परांचीवरून पडले आणि उजवा खुबा गेला. चालता येतं, पण सपाटीवर. काठी घ्या म्हटलं की म्हणायचे, काठी म्हाताऱ्यांना.

घरी बसल्या बसल्या ते भिंतीवरचं घड्याळ सरळ करायचे. दिवसातून तीनदा. घड्याळ वाकडं नव्हतंच. एका सकाळी मुंगी येऊन म्हणाली, बाबा, माझ्याकडे लेझरचं यंत्र आहे पण माझा त्याच्यावर विश्वास नाही, तुम्ही येऊन ओळंबा धराल का? ती खोटं बोलत होती हे मला कळलं. देवापुढे दिवा लावताना मी तिच्या वतीने माफी मागितली आणि ह्यांच्या डब्याला लागले.

तर तेव्हापासून हे रोज कामावर. पायाच्या खड्ड्यात उतरायला फळ्यांचा उतार केलेला होता. मुंगी हात पुढे करायची आणि हे तो माशी वारावी तसा बाजूला सारायचे. मग दोन पावलं, एक थांबा, अशी वरात खाली पोचायची. भिंतीला दोरीचा ओळंबा लावायचा, ती सरळ उभी आहे ना ते पट्टीने मापायचं, वहीत लिहायचं. मुंगी ती वही संध्याकाळी खरोखर वाचायची.

ह्या नव्या भिंतीचं शास्त्र मला मुंगीनेच समजावलं, आमच्या स्वयंपाकघरात, दोन पोळपाट उभे धरून. बाहेरून फोम, आतून फोम, आणि मधल्या पोकळीत सळया उभ्या-आडव्या बांधून काँक्रीट ओतायचं. फोम काढायचा नाही, तो ऊब धरून ठेवतो. पण काँक्रीट असतं जेमतेम सहा इंच, आणि बाहेरून माती येणार सात फूट. आई, माती नुसती बसून राहत नाही, ढकलत असते, ती म्हणाली. म्हणून ही भिंत दोन ठिकाणी धरावी लागते. पायाशी तळघराचा कोबा धरतो. माथ्याशी वरच्या मजल्याची जमीन धरते. दोन्ही धरल्याशिवाय बाहेर एक घमेलं माती टाकायची नाही, असं बांधकामाच्या नियमातच आहे. तो नियम तिने मोठ्या अक्षरांत छापून शेडच्या दारावर लावला होता.

ह्यांनी तो वाचला. वाचून म्हणाले, आमची भिंत खाली अडीच फूट रुंद असायची. एक थर दगड, एक थर माती, वर धुम्मसाने ठोकायचं. भिंत आणि भराव बरोबरीने वाढायचे, भावंडांसारखे. जिचे हात धरावे लागतात ती भिंत कसली, ती नुकती चालायला लागलेली पोर. मुंगी हसली. म्हणाली, पोरच आहे, म्हणून तर तुम्हाला आणलंय. ह्यांना ते आवडलं. पण नियम काही मनात उतरला नसावा.

काँक्रीट ओतून तीन आठवडे झाले. ओतताना लावलेले तिरपे टेकू निघाले, तळघराचा कोबा झाला, आणि वर वासे चढले. त्याच सुमारास मुंगीला लाकडाच्या फळ्या आणायच्या होत्या, पण डाव्या बाजूचा चर उघडा असल्यामुळे गाडी आत येईना. प्रत्येक फळी फेऱ्याने खांद्यावर आणावी लागायची. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ती आमच्याकडे जेवायला आली ती हातात घास धरूनच पेंगली. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या खांद्यावरच्या वळांकडे पाहिलं, आणि पुढे वाढलेलं तसंच ठेवलं.

सकाळी मी पूजा आटोपते तर हे कपडे करून तयार. म्हणाले, आज डाव्या बाजूचा भराव टाकून घेतो. वासे बसलेत, म्हणजे वरची जमीन झाल्यातच जमा. उद्या पोर येईल तर गाडी थेट आत. तिला सांगू नकोस.

मी म्हटलं, विचारून तरी घ्या.

"तुझा नेम आहे ना," हे म्हणाले, "तो आज माझ्यासाठी पाळ."

माझा नेम साधा आहे. रोज कुणाचं तरी एक काम करायचं आणि त्याविषयी तोंड उघडायचं नाही. वर्षानुवर्षं पाळत आलेय, त्यात काही मोठेपणा नाही, सवय आहे. पण त्या सकाळी ह्यांनी तो असा समोर धरला की मला पुढे बोलवेना. मी डबा भरला. एवढ्यावर थांबले नाही, पाण्याची बाटली घेऊन बरोबरही गेले.

मशीनवाला ह्यांच्या जुन्या ओळखीचा. तो मशीनने माती टाकायचा, फूटभर थर झाला की हे त्याला थांबवायचे आणि स्वतः धुम्मस घेऊन ठोकायचे. खुबा दुखत असणार, पण चेहऱ्यावर दोन वर्षांत दिसलं नव्हतं असं काही होतं. ठोक, सरक, ठोक. मशीनवाला म्हणाला, मिस्त्री, एवढं दाबून कोण बसवतं आता? हे म्हणाले, ज्याच्या लेकीचं घर आहे तो बसवतो. संध्याकाळपर्यंत पाच फूट भराव झाला, वरून नुसता गालिचा. घरी येऊन हे जेवले आणि लहान मुलासारखे झोपले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुंगीच्या आधी पोचलो. मला त्यांच्या आनंदात हजर राहायचं होतं, म्हणून मीही गेले. रोजच्यासारखा ह्यांनी डाव्या भिंतीला आतून ओळंबा लावला. वरचं माप घेतलं, खालचं घेतलं. पुन्हा वरचं घेतलं. मग दोरी सोडवून, गाठ बदलून, परत लावली. तिसऱ्या वेळी पट्टी दोरीवर नुसती धरून उभे राहिले. मग उरलेल्या ब्लॉकच्या चळतीवर बसले.

"किती?" मी विचारलं.

"सव्वा इंच. आत."

एवढ्यात उतारावर मुंगीची पावलं वाजली. तिने आधी डावीकडची माती पाहिली असावी, कारण खाली आली ती थेट डाव्या भिंतीपाशी. दोरी पाहिली, वडिलांचा चेहरा पाहिला. आरडाओरडा तिच्या स्वभावात नाही, पण ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती त्यांच्या शेजारी चळतीवर बसली आणि वर बोट दाखवलं.

"बाबा, ह्या भिंतीवर एक तरी वासा टेकलाय का, बघा."

ह्यांनी मान वर केली. वासे पुढच्या भिंतीवरून मागच्या भिंतीवर गेले होते. डावी भिंत त्यांना समांतर. शेवटचा वासा तिच्याजवळून जात होता, पण शेजाऱ्यासारखा, हात न लावता. त्या वाशांच्या मधे आडवे तुकडे ठोकून ते भिंतीला बोल्टने बांधायचे होते, वर फळ्या ठोकायच्या होत्या, तेव्हा कुठे वरची जमीन भिंतीला धरणार होती. ते सगळं बाकी होतं.

"नाही," हे म्हणाले.

"मग हिचा माथा कुणी धरलाय?"

"कुणी नाही." आणि वाशांवरची नजर न काढता, "हे मला दिसायला हवं होतं."

मग मुंगीने काय होणार ते सांगितलं, अगदी हळू, जणू शेजारच्या खोलीत कुणी आजारी आहे. उद्या बांधकाम खात्याचे तपासनीस यायचे आहेत. फोमच्या आड भिंत तडकली असेल तर पाडायला सांगतील. पहिल्याच घराची भिंत पाडावी लागली की त्या ठेकेदाराच्या हातात दुसरं घर कुणी देत नाही. परवान्याचंही बघतील. ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. वडील मिस्त्री होते, त्यांना पूर्ण ठाऊक असायला हवं, एवढंच.

मला राहवेना. मी म्हटलं, मला ठाऊक होतं. डबा मीच दिला. बाटली मीच धरली.

मुंगीने माझ्याकडे पाहिलं. "आई, तुझा नेम एक दिवस माझी भिंत पाडेल असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली, आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यात थोडं हसू आलं. त्या हसण्याने मला रडू आलं.

हे म्हणाले, उद्या साहेबांना सांग, म्हातारा ऐकत नाही, त्याला काढून टाकलाय. मुंगी उठली, हात झटकले. कामावर कोण असणार हे मी ठरवते, ती म्हणाली. मग विचारलं, भराव कसा घातलात, थर किती, कुठून सुरुवात केलीत? ह्यांनी सांगितलं: पाच थर, फूट फूट, कोपऱ्यापासून मधे.

"मग तसाच उलटा काढू. एका वेळी एक थर, हाताने. मशीन भिंतीजवळ नको. तुम्ही ओळंब्याशी बसा आणि माप बोलत राहा."

तो दिवस मी विसरणार नाही. बाहेर मुंगी आणि तिची चार माणसं फावड्यांनी थर काढत होती. हे आत, कोब्यावर उलट्या घमेल्यावर बसलेले, डोळे दोरीवर. मी मधल्या खिडकीच्या भोकाशी उभी, आतलं बाहेर सांगायला. हे म्हणायचे, सव्वा. मी बाहेर सांगायचे, सव्वा. पहिला थर निघाला तरी सव्वाच. दुसरा निघाला, ह्यांनी पट्टीला डोळा लावला आणि म्हणाले, एक इंच, कमी नाही. बाहेर फावडी क्षणभर थांबली, पुन्हा चालू झाली. तिसऱ्या थराला पाऊण. माती एवढी घट्ट बसवलेली की पहारीशिवाय निघेना. एक माणूस म्हणाला, कुणी ठोकलीय ही, देवमाणसाने का? मुंगी म्हणाली, हो, आत बसलाय. मी ते आत सांगितलं नाही.

डबा कुणी उघडला नाही. हे पाण्यालाही उठेनात, दोरी हलेल म्हणाले. शेवटचा थर निघाला तेव्हा माप आलं पाव इंच. तिथून दोरी सरकली नाही.

मशीनवालाही येऊन उभा होता, अपराधी चेहऱ्याने. तो मुंगीला म्हणाला, पाव इंच म्हणजे काहीच नाही, ताई. काँक्रीट दोन्हीकडून फोमने झाकलंय. माती काढलीत, उद्या वरचे तुकडे ठोका, झालं. आत काय आहे ते कुणाच्या बापाला दिसणार नाही.

 मुंगीने फोमवरून हात फिरवला. पांढरा, गुळगुळीत, निर्दोष. एवढी थकली होती ती, मी आई आहे, मला दिसत होतं की तिला ते ऐकायला किती बरं वाटलं. मी मनात देवाचं नाव घेत उभी राहिले.

तेवढ्यात आतून, घमेल्यावरून, हे बोलले. "बापाला बघायचंय. आत काय आहे ते बघितल्याशिवाय ह्यावर कुणाचं घर ठेवायचं नाही."

मुंगीने फोमवरचा हात काढला. बरं, म्हणाली.

तपासनीस सकाळी आले. कानावर पेन्सिल अडकवलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी काही विचारायच्या आत मुंगीने सगळं सांगितलं: माथा बांधण्याआधी भराव टाकला गेला, पाच फूट, ठोकून. भिंत सव्वा इंच आत आली, माती काढल्यावर पाव इंच राहिली. कुणी टाकला, त्यांनी विचारलं. मुंगी म्हणाली, काम माझं आहे, मी टाकला असं धरा. त्यावर हे घमेल्यावरून उठले, खुबा धरून सरळ झाले आणि म्हणाले, टाकला मी. हिला विचारलं नाही. शेडच्या दारावर लिहिलेलं होतं, तेही वाचलेलं होतं.

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग कानावरची पेन्सिल काढून बाहेरून, भिंतीच्या पायाशी, फोमवर तीन चौकोन आखले. माती बाहेरून ढकलते तेव्हा भिंत पायाशी बाहेरच्या अंगाला ताणली जाते, म्हणाले, फाटली असेल तर इथे. कापा.

मुंगीने करवतीने फोमचे तीन चौकोन कापले. आत राखाडी काँक्रीट. मी डोळे फाडून पाहत होते, मला काही दिसलं नाही. साहेब भिंग काढायला लागले तर हे म्हणाले, थांबा. खांद्यावरचा पंचा बादलीत भिजवला, पिळला नाही, आणि तिन्ही चौकोन पुसून घेतले. अलगद, जसं तापातल्या पोराचं कपाळ पुसावं. मग म्हणाले, आता वाळू दे. काँक्रीट वाळतं. भेग पाणी पिते, ती मागे राहते.

आम्ही सगळे चरात उभे राहिलो.  पहिला चौकोन कडेने उजळत गेला आणि पूर्ण पांढरट झाला. काही नाही. दुसरा तसाच. तिसरा, मधल्या भागातला, उजळला, आणि त्याच्यावर एक ओली रेघ राहिली. वीतभर. केसासारखी. मुंगीचा श्वास मला ऐकू आला.

साहेबांनी गुडघे टेकून भिंग लावलं, मग एक पातळ पट्टी रेघेवर धरून पाहिली. बराच वेळ. शेवटी उठून पँट झटकली. वरवरची आहे, म्हणाले, सळईपर्यंत गेलेली दिसत नाही, पण मी सांगतो ते पुरेसं नाही, इंजिनिअरचं लेखी लागेल. भिंत पाडायला सांगत नाही. मधोमध आतून एक आधाराचा खांब लागेल बहुतेक, भिंतीत सळया रोवून. तोपर्यंत बाहेर माती नाही. आणि झालेला प्रकार फाईलमध्ये लिहिणार.

"लिहा," मुंगी म्हणाली.

त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं, तिने सही केली. जाता जाता ते ह्यांच्यापाशी थांबले आणि भेगेचं कुठे शिकलात म्हणून विचारलं. हे म्हणाले, चुका करून. साहेब म्हणाले, तुम्ही आधी सांगितलंत म्हणून मी तीनच चौकोन आखले. मला शोधावं लागलं असतं तर सगळा फोम उतरवला असता.

इंजिनिअरने खांबच सांगितला. दोन आठवडे वाढले. मुंगी मास्तरीणबाईंकडे स्वतः गेली आणि त्यांना घडलं तसं सांगितलं. त्या चष्मा पुसत ऐकत राहिल्या. मग त्यांनी एकच विचारलं, खांबाच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांची कपाटं बसतील का? मुंगी म्हणाली, बसतील. मग बरंच झालं, त्या म्हणाल्या, नाहीतर एवढ्या लांब भिंतीवर कपाट झुकलं असतं.

ह्या दोन आठवड्यांत हे आपणहून घरीच होते. घड्याळाला मात्र हात लावत नव्हते, ह्याचं मला जास्त वाईट वाटलं. मुंगी रोज संध्याकाळी वही घेऊन यायची आणि त्यांच्यापुढे ठेवायची. मापं तिच्या अक्षरातली. हे वाचायचे आणि मिटून परत द्यायचे. एके दिवशी त्यांनी विचारलं, आडवे तुकडे किती अंतरावर ठोकलेस? तिने सांगितलं. बोल्ट? तेही सांगितलं. फळ्यांना खिळे की स्क्रू? ती म्हणाली, उद्या भराव आहे, येऊन बघा. मी आत जाऊन डबा घासायला काढला.

दुसऱ्या दिवशी मशीनवाला भल्या सकाळी सुरू करायला निघाला तर ह्यांनी त्याला खाली उतरवलं. शेडच्या दारापाशी नेऊन उभं केलं आणि तो छापलेला नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला, मिस्त्री, मला काय वाचून दाखवता, गेल्या वेळी तुम्हीच... हे म्हणाले, म्हणूनच वाचतोय. मग वर जाऊन प्रत्येक आडव्या तुकड्यावर हातोडीने टकटक केलं, एकेक बोल्ट पान्याने ओढून पाहिला, त्याला तासभर लागला. मुंगी खाली उभी राहून घड्याळाकडे बघत होती.

माती पडायला लागली तेव्हा हे आत ओळंब्यापाशी होते. ह्या वेळी धुम्मस नव्हतं, थर हलकेच बसवत होते. एक फूट. दोन. चार. मी खिडकीच्या भोकाशी.

"किती?"

"हलली नाही."

पाच फुटांना विचारलं, सहाला विचारलं. तेच उत्तर. सातव्या फुटाला मी विचारलंच नाही. आत डोकावून पाहिलं. हे दोरीकडे पाहत नव्हते. नव्या खांबाला पाठ टेकून वर पाहत होते, फळ्यांकडे, जिथे आता कुठूनच आभाळ दिसत नव्हतं.

संध्याकाळी निघालो. खड्ड्यातून वर यायला तोच फळ्यांचा उतार. मुंगी पुढे, फोनवर सळयावाल्याशी भांडत. माल अजून का पोचला नाही म्हणून. मागे हे, त्यांच्या मागे मी. निम्म्या उतारावर हे थांबले. वर न बघता त्यांनी हात पुढे केला. मुंगीने भांडता भांडताच मागे हात घालून तो धरला, आणि सळयावाल्याला म्हणाली, उद्या सकाळी आठ, एक मिनिट उशीर नको.

मी डबा सांभाळत मागून चालले.